गोधडीची सुई आणि पितळी स्टोव्ह

माय, परवा एका बंगाली घरात ग्यासची शेगडी दुरुस्त करायला गेलो होतो, तिथे तुझी आठवण झाली. आठवण झाली म्हणजे काय, तू समोर येऊन उभीच राहिली. तेव्हापासून काम करून राहिलो पण हात एकीकडे आणि मन एकीकडे. म्हणून आज सुटीच्या दिवशी कागद घेऊन बसलो. चौथीपर्यंतची माझी शाळा, काना-मात्रा चुकतील. पण तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीच, तेव्हा चुका काढायला कोणी नाही.

ग्यास म्हटलं की तुला गॅसबत्ती वाटेल, वरातीत बाया डोक्यावर घेऊन चालतात ती. ती नव्हे. इथे कलकत्त्यात दगडी कोळसा बंद भट्टीत तापवतात, त्याची जी वाफ निघते ती लोखंडी नळानं घराघरात सोडतात. चावी फिरवायची, काडी लावायची, की निळा जाळ. लाकूड नाही, राख नाही. तू ऐकलं असतं तर म्हणाली असती, "धुरावर भात शिजते म्हनतं का रे बाबू? सोड थापा." पण खरंच शिजतो. मी पाच वर्षांपासून त्याच शेगड्या दुरुस्त करून राहिलो. त्याआधी खडकपूरला होतो, त्याआधी रेल्वेच्या चहाच्या ठेल्यावर, त्याआधी आणखी कुठे. एका जागी टिकायचं माझ्यानं कधी झालं नाही, हे तू पाळण्यातच ओळखलं होतं.

तर ते घर भवानीपुरातलं, तीन मजल्यांचं. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर, त्यात दोन बर्नरची शेगडी. तक्रार अशी की डावा बर्नर पेटतो आणि लगेच विझतो. काडी लावली की भोवती निळ्या पाकळ्या उमटतात, दहापर्यंत मोजून होत नाही तोच आत फक् असा आवाज होतो आणि जाळ गायब. नुसता वास उरतो. घरात एक म्हातारी विधवा सासू आणि तिची बावीस-तेवीस वर्षांची सून. इथे सुनेला बौमा म्हणतात. म्हातारी दारात पाटावर बसली होती आणि मी हत्यारांची पेटी खाली ठेवायच्या आत सुरू झाली.

"ए मिस्त्री, पहले इसको सिखाओ. चाबी घुमाना नहीं आता. बाप के घर में कोयला फूंकती थी, यहाँ ग्यास मिला तो हाथ काँपता है."

मी म्हटलं, "देखता हूँ, माँजी."

"देखने का क्या है? बौमा का हाथ ही ऐसा है. एक चाय के लिए पूरी माचिस खतम."

सून शेगडीखाली उकिडवी बसून जळलेल्या काड्या वेचत होती. एकेक काडी उचलून दुसऱ्या तळहातावर नीट ठेवायची. झाडूनं एका फटक्यात झालं असतं ते काम. पण तिला मान वर करायची नव्हती, म्हणून ती वेचत होती. हे मी आधी पाहिलं होतं, माय. असंच, काडी काडी वेचताना.

मी माझ्या क्रमानं पाहत गेलो. चावी ठीक. नळात पाणी साचलं नव्हतं. हवेची चकती जागेवर होती. ग्यास सोडणारा जेट साफ होता. मग बर्नरची पितळी टोपी उचलली आणि खिडकीकडे उजेडात धरली. टोपीच्या भोकांतून जाळ निघतो. ती भोकं बारीक असली की ग्यास जोरानं बाहेर येतो आणि जाळ बाहेरच राहतो. भोकं मोठी झाली की ग्यासचा जोर मरतो आणि जाळ उलटा आत शिरून विझतो. या टोपीची भोकं मोठी झाली होती. कडा खरवडलेल्या, पितळ चमकत होतं. आणि ती कोणी मोठी केली ते मला विचारावं लागलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी भाताची पेज सांडून ती भोकं बुजली तेव्हा मीच आलो होतो. घाई होती, पुढे आणखी दोन घरं होती. बारीक तार पेटीत सापडेना म्हणून सायकलच्या तारेला टोक काढून तीच खुपसली आणि फिरवली.

"क्या हुआ?" म्हातारीनं विचारलं.

टोपी हातात धरून मी उभा राहिलो. तिला काय उत्तर दिलं ते सांगतो, पण त्याआधी मला आपल्या घरी यावं लागते.

फुलचूरच्या आपल्या घरात तुझी भुशाची शेगडी होती. पत्र्याचा जुना डबा, बुडाशी बाजूला एक भोक. राइस मिलच्या आवारात तू उकडलेलं धान उन्हात पसरवायची, दिवसभर पायानं उलटत फिरायची, आणि संध्याकाळी येताना डोक्यावर भुशाचं पोतं आणायची. मिलवाल्याला भुसा नकोच असायचा, ढीग नुसता पडून राहायचा. सकाळी तू शेगडी भरायला बसायची. डब्याच्या मधोमध मुसळाचा तुकडा उभा धरायचा, बाजूच्या भोकातून एक दांडकं आत सारून त्याला टेकवायचं, आणि भोवती मूठ मूठ भुसा टाकून दाबत जायचं. मग मुसळ हळूच गोल फिरवत वर काढायची, दांडकं बाहेर ओढायची, आणि आत वाऱ्याला जायला वाट तयार. खालून जळती काडी सारली की तीन-चार तास पाहायचं काम नाही. वरण, भात, अंघोळीचं पाणी, सगळं त्यावर. दाबायला कमी पडलं तर भुसा आत कोसळते, जास्त दाबलं तर धुमसत बसते. तुझं कधीच कमी-जास्त झालं नाही. आळीत लग्न निघालं की बाया तुला आठ दिवस आधी सांगून ठेवायच्या, "मावशी, शेगड्या तुम्हीच भरसान." तू लुगड्याचा पदर खोचून एका ओळीत सहा-सहा शेगड्या भरायची आणि त्या मांडवातली शेवटची पंगत उठेपर्यंत जळायच्या. बा गेल्यापासून कोणी आपल्याला मानानं बोलावलं असेल तर ते त्यासाठीच. मला तेव्हा त्यात मान दिसत नव्हता. भुशानं भरलेले तुझे हात दिसायचे आणि मला लाज वाटायची. आता कोणाची लाज वाटते ते काय सांगू.

स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी गोंदियाच्या बाजारात स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्तीच्या दुकानात लागलो होतो. अठरा वर्षांचा होतो. सहा महिने झाले नाही तर मी सगळं शिकलो असं मलाच वाटायला लागलं. दुकानात एक पितळी स्टोव्ह पडून होता, मालक परत न्यायला आलाच नाही. दुकानाच्या मिस्त्रीला मागून घेतला, नवा वायसर टाकला, चिंचेनं घासला आणि एका दिवाळीला तुझ्यासमोर आणून ठेवला. पंप मारला, काडी लावली, तो फुरफुरला. तू दोन पावलं मागे सरली.

"माय वो, हा तं इंजिनसारखा ओरडून राहिला."

"तुझ्यासाठी आनला. आता भुसा बंद."

"लय चांगला आहे बापा. बंद कर, डोकं दुखते माझं."

तू खूश झाली होती हे मला माहीत आहे. त्याच्यावर तू फडकं शिवून घातलं, रोज पुसायची, शेजारणींना दाखवायची, "बाबूनं आनला." पण स्वयंपाक शेगडीवरच. मला ते लागायचं. मी विचारलं की म्हणायची, "मातीचं तेल कायले जाळू? भुसा फुकट आहे नं." आणि मी फुगून बसायचो, जसं काय तू मलाच दाराबाहेर ठेवलं.

मग थंडीच्या सुरुवातीला आपल्या लहानीला पाहायला बिरसीकडचे पाहुणे येणार म्हणून मामानं निरोप आणला. धानाचं घर, चांगली माणसं, पोरगा एकटाच. तू आदल्या दिवशी घर सारवून काढलं. आपल्याकडे पाहुण्यांच्या बाया नुसती पोरगी पाहत नाहीत, पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात येतात आणि चूल पाहतात. चूल पाहिली की पोरीची माय कशी ते कळते आणि माय कळली की पोरगी कळते, असा त्यांचा हिशेब. तू त्यासाठीच पहाटे उठून शेगडी भरली होती. मला आठवते, तू नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला होता, मुसळ काढताना श्वास रोखून धरला होता.

आणि मी उठलो. मला वाटलं पाहुण्यांनी माझा स्टोव्ह पाहावा. भुशाचा पत्र्याचा डबा नाही, पितळेचा चमकणारा स्टोव्ह. मी तो खाली काढला, पेटवून पाहिला तर जाळ बारीक, निपल बुजलेलं. निपलचं भोक म्हणजे केसाएवढं, त्यातून तेलाची वाफ निघते. ते साफ करायची पिन असते, ती दुकानात राहिली होती. तू गोधडी शिवायला घेतली होती, दोरा ओवलेली मोठी सुई गोधडीलाच टोचून ठेवलेली होती. मी ती काढली, निपलमध्ये घातली, फिरवली. टोक किंचित मोडलं. फुंकर मारली, स्टोव्ह लावला, जाळ उठला. पिवळा होता, पण उठला. मला वाटलं गरम झाला की निळा होईल. निपल जास्त मोठं झालं की तेलाची पुरती वाफ होत नाही, नुसतं तेल येते, काजळी धरते आणि स्टोव्ह गुदमरून विझते, हे मला मिस्त्रीनं नंतर दोन दिवसांनी दुकानात दाखवलं. त्या सकाळी मला ते माहीत नव्हतं.

सुई खिशात टाकली आणि तुझी शेगडी उचलून अंगणात नेली. तू धावत आली.

"काऊन उचलून राहिला रे? हलवू नोको, आतून पडते ते."

"पडू दे. पाहुन्यांसमोर भुसा जाळतं का? लोक हसतील मले."

"हसू दे नं. भात तं होईल."

मी डबा खाली आपटलाच. आतला भुसा धप्पकन बसला, तो आवाज आपण दोघांनी ऐकला. नवीन भरायला अर्धा-पाऊण तास पाहिजे आणि पाहुण्यांच्या बैलगाडीचे घुंगरू आळीच्या तोंडाशी वाजत होते. तू माझ्याकडे पाहिलं. पदरानं हात पुसले आणि स्टोव्हपुढे जाऊन बसली.

पुढचं मी किती वेळा मनात पाहिलं त्याला गिनती नाही. तू भाताचा गंज स्टोव्हवर ठेवते, स्टोव्ह पिवळा भडकतो, काळा धूर सोडतो आणि विझतो. तू पंप मारते, काडी लावते. पुन्हा भडका, पुन्हा विझते. काड्या जमिनीवर पडून राहिल्या. लहानी कोपऱ्यात नवं लुगडं नेसून बसली आहे, तिच्या कपाळावर घाम. बाहेर सपरीत मामा पाहुण्यांना धानाच्या गोष्टी सांगतो आहे, त्या संपत आल्या. मग पोराची माय आणि तिची जाऊ पाणी प्यायला आत आल्या.

"काहो बाई, भात अजून चढलाच नाही का?" पोराच्या मायनं विचारलं.

"होते नं आता. बसा तुम्ही, पीढा घ्या."

"बसलोच तं आहो कवाच्या. पोटातले कावळे उठून गेले." जाऊ खुदकन हसली. धुरानं तिला ठसका लागला, तिनं पदर नाकाला लावला आणि स्टोव्हकडे पाहून म्हणाली, "एवढा मोठा पितळी आनला, पन लावाचा कोनाले येत नाही वाटते."

मी दारात उभा होतो. त्या माझ्या स्टोव्हला हसत होत्या. आणि मी बोललो, "स्टोव्ह चांगला आहे. मायलेच पंप मारता येत नाही. जनम भुशात गेला तिचा, तिले का समजते?"

तू पंपावरचा हात काढला. तू वर पाहिलं असतं तर मी कदाचित काही बोललो असतो, कदाचित. पण तू वर पाहिलं नाही. म्हणाली, "हो बापा. मलेच नाही जमत." आणि वाकून खाली पडलेल्या काड्या वेचायला लागली. एकेक काडी, दुसऱ्या तळहातावर.

भाताचा गंज शेजारच्या काकूच्या चुलीवर गेला. पाहुणे जेवले. पोराच्या बापाला लहानी पसंत पडली, सोयरीक मोडली नाही, लग्न लागलं. पण हिच्या हातानं चूल इझते, ही गोष्ट त्या दोघी बाया घरी जाताना बरोबर घेऊन गेल्या. आणि शेजारच्या काकूच्या घरातून ती सगळ्या आळीत गेली. त्या उन्हाळ्यात आळीत चार लग्नं झाली. शेगड्या भरायला एकानंही तुला बोलावलं नाही. तुझ्याच लेकीच्या मांडवात दुसरी बाई शेगड्या भरत होती आणि तू तिला भुसा पुरवत होती. मी ते पाहिलं. पाहून मी पान खायला बाजारात निघून गेलो.

पाहुणे गेले त्या दिवशी उन्हं उतरता उतरता तू गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "माझी सुई पाहिली का रे बाबू?"

मी म्हटलं, "मले का माहीत तुझी सुई?"

तू गोधडीवर जिथे सुई टोचलेली होती तिथे हात फिरवला. "इथंच टोचली होती," एवढं म्हणाली. मग पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या बाजाराला नवी सुई आणली.

त्यानंतर माझं घरात मन लागेना. तू काही बोलत नव्हती तेच मला बोलल्यासारखं वाटायचं. लहानीचं लग्न झाल्यावर महिन्याभरात मी हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. स्टेशनवर तू भाकर आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला, म्हणाली, "चिठ्ठी टाकजो." मी सगळी मिळून दोनच कार्डं टाकली. दोन्हींवर मी खुशाल आहे, तू खुशाल असशील, एवढंच. त्याहून जास्त लिहिता आलं नसतं असं नाही. पण तुझं कार्ड शाळेचे गुरुजी सपरीत बसून मोठ्यानं वाचायचे, भोवती चार बाया गोळा व्हायच्या, हे मला माहीत होतं. स्टोव्ह मी बिघडवला होता हे गुरुजींच्या तोंडून आळीनं ऐकलं असतं. तेच तर व्हायला पाहिजे होतं, हे मला आता समजते. तेव्हा मी ते टाळलं. दुसऱ्या कार्डानंतर तू तापानं गेली. मामाचं कार्ड मला खडकपूरला सापडेपर्यंत तुझी तेरवी होऊन गेली होती.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते सगळ्यात वाईट आहे. तीन वर्षांमागे गावाकडे आलो तेव्हा लहानीच्या घरी गेलो होतो. दोन लेकरं आहेत तिला, गोरी गोमटी. मी ओसरीत बसलो, तिची सासू समोर सुपारी कातरत होती. लहानी चहा करायला आत गेली. जरा वेळ झाला तर सासू हसून म्हणाली, "पाहुने, थोडं थांबा बापा. हिच्या माहेरी चुली इझतात, तुमाले तं माहीतच आहे." बसलेले सगळे हसले. वर्षानुवर्षं चालत आलेला विनोद असावा, कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. लहानी चहाचे कप घेऊन दारात उभी होती, तिनं ऐकलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलेन म्हणून. माय, मी हसलो. सगळ्यांबरोबर मीही हसलो आणि कप हातात घेतला.

आता भवानीपूर. म्हातारी विचारते, क्या हुआ, आणि सून खाली काड्या वेचते. माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं, रोज दहा ठिकाणी देतो तेच, "पुराना हो गया, माँजी, बदलना पड़ेगा." मी ते म्हटलंसुद्धा. म्हातारी लगेच सुनेकडे वळली, "सुना? दो साल में पुराना कर दिया." सुनेनं मूठ मिटली, काड्या मुठीत मोडल्याचा कर्र आवाज आला. आणि माझ्यानं उभं राहवेना. मी खाली बसलो आणि म्हटलं, "नहीं माँजी. झूठ बोला मैं. पिछली बार छेद मैंने बिगाड़े, मोटे तार से. बौमा की कोई गलती नहीं. कोई भी जलाएगा तो बुझेगा."

म्हातारीनं पान चघळणं थांबवलं. "तुम बिगाड़ा?"

"हाँ, मैं."

"तो बीस दिन से मैं इसको...," ती एवढंच म्हणाली, मग चष्मा पुसत बसली. मग तिचा राग मला शोधत आला, तो किती वेळ चालला ते सांगत नाही. शेवटी म्हणाली, "तुम्हारे मालिक को बोलूँगी." बोललीही. मी दुकानातून नवी टोपी आणून बसवली. सुनेनं चावी फिरवली, एक काडी ओढली. जाळ गोल उमटला आणि राहिला. ती तशीच पाहत राहिली, हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी. मग तिनं चहा ठेवला, माझ्यासकट तीन कपांचा. म्हातारी दारातून म्हणाली, "आज जला तो जला. कल देखेंगे." पण आवाज उतरला होता.

मालकानं घराघरातली कामं माझ्याकडून काढून घेतली आहेत. आता मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून गंजलेले बर्नर घासतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटते की परक्या घरात, परक्या भाषेत ते मला जमलं. तिथे मला कोण ओळखते? आपल्या घरात दारात उभा राहून जे चार शब्द बोलायचे होते ते दहा वर्षं घशात राहिले.

काल लहानीच्या घरच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं. मुद्दाम कार्डच, पाकीट नाही. लहानीचा नवरा ते तिच्या सासूसमोर मोठ्यानं वाचेल, ऐकायला लेकरं असतील, शेजारी असतील. त्यात लिहिलं की स्टोव्ह मायच्या हातानं विझला नव्हता, मी तो सुईनं बिघडवला होता आणि तिची भरलेली शेगडी मीच मोडली होती, मायसारखी शेगडी फुलचुरात कोणी भरत नव्हतं. आज सकाळी पेटीत टाकलं. टाकल्यावर पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली, कार्ड परत निघते का. निघत नाही.

पण त्या कार्डात एक गोष्ट लिहिली नाही, आणि वर तुलाही खोटं लिहिलं. मिस्त्रीनं मला निपलचं नंतर दाखवलं असं म्हटलं ना, ते खरं नाही. दुकानात लागलो त्या पहिल्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाच्या स्टोव्हमध्ये दाभण घालायला गेलो होतो तेव्हा मिस्त्रीनं माझ्या बोटांवर पाना मारला होता आणि म्हणाला होता, "इसमें पिन के सिवा कुछ गया तो चूल्हा मर जाता है." मला सगळं ठाऊक होतं, माय. सुई आत घालताना ठाऊक होतं, पिवळा जाळ पाहिला तेव्हा ठाऊक होतं, आणि तुला पंप मारता येत नाही असं बोललो तेव्हाही ठाऊक होतं. हात खिशात होता आणि खिशात सुई बोटाला टोचत होती.

ती सुई मी टाकली नाही. हत्यारांच्या पेटीत एका चिंधीत गुंडाळलेली आहे, टोक मोडलेली, नेढ्यात तुझा पांढरा दोरा तसाच ओवलेला. हा कागदही तिच्याबरोबर त्याच चिंधीत ठेवतो, दुसरं कुठे पाठवणार. तू मला एकदाच विचारलं होतं, माझी सुई पाहिली का रे बाबू. पाहिली होती, माय.